धापूबाईची जिवाणी

गावात अजून कुणी धापूला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नावं ठेवायचीच असतील तर मी ठेवीन. माझी लेक गेली, ह्यांचं काय गेलं? पण मी काही बोलत नाही, आणि मी बोलत नाही तोवर बाकीच्यांनीही तोंड आवरावं.

धापू म्हणजे धापूबाई, आमच्या गावातल्या मारवाडी दुकानाची मालकीण. तापीच्या अलीकडचं आमचं गुजरांचं गाव, सगळे कापूसवाले नाहीतर केळीवाले, त्यात जैनांचं हे एकच घर. तिचा नवरा माणकचंद लवकर गेला. दुकान तिनं चालवलं आणि एकुलता मुलगा पारसमल ह्याला शिकवलं. तिचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत. ती ज्या वर्षी सून म्हणून आली त्याच वर्षी मीही आले. आम्ही भांडलोही पुष्कळ, पण एकमेकींवाचून आमचं पानही हलत नसे.

धापूचं पाण्याचं प्रकरण सगळ्या गावाला पाठ होतं. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं, मग प्यायचं. इथवर ठीक आहे. पण गाळल्यावर फडक्यात जे उरतं त्यात म्हणे जीव असतात. आम्हाला डोंबल काही दिसायचं नाही! ती त्याला जिवाणी म्हणायची. फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं ते एका लोट्यात धुवायचं, आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ती जिवाणी परत सोडायची. वरून ओतायची नाही, जीव आपटतील. त्या लोट्याच्या बुडाला एक कडी होती. दोरीनं लोटा हळूहळू खाली न्यायचा, पाण्याला टेकला की दोरीला हलका झटका द्यायचा, की लोटा तिथल्या तिथं कलंडायचा. पारस लहान असताना त्याचा हात दोरीवर ठेवून ती त्याला हे शिकवायची.

मी तिला रोज चिडवायची. "काय व धापू, माहेरवाशिनी पोचाडी उनी का?"

"हा व, सुखरूप पोचन्यात," असं म्हणून ती हसायची.

पारस मोठा झाला, कंपाउंडर झाला, तापीच्या अलीकडच्याच तालुक्याच्या दवाखान्यात लागला. तो आईला बाई म्हणायचा. नोकरीला निघाला त्या दिवशी धापूनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं की त्याच्या हातून जीव मरता कामा नये. "बाई, मी जीव वाचाडाले जाई ऱ्हायनू," पारस म्हणाला होता. आम्ही दोघीही हसलो होतो.

त्या साली श्रावण सरता सरता नदीकाठच्या झोपड्यांत उलट्या-जुलाबाची पटकी आली. तापीला पूर होता, नाव बंद होती. पहिली पडली धनुबाई, भिलाची बायको. भिला आमच्या शेतात राबायचा आणि ती धापूच्या अंगणात धान्य पाखडायची. धापूचे पर्युषणाचे उपास चालू होते. आठ दिवस पोटात अन्न नाही, दिवसाउजेडी उकळलेलं पाणी तेवढं घ्यायचं. तशा अंगानं बया धनुबाईच्या झोपडीत गेली. आपलं फडकं आणि तो कडीचा लोटा घेऊनच गेली. आजारी बाईला तरी चांगलं पाणी मिळावं, म्हणून.

"पानी कोठलं शे रे, भिला?" तिनं विचारलं.

"विहीरनं शे, माय," भिला म्हणाला.

ते विहिरीचं नव्हतं. नाल्याकडेच्या झिऱ्याचं होतं, वाळू उकरून काढलेलं. झिऱ्याचं पाणी पिऊ नका म्हणून धापूनं त्या नवराबायकोला किती वेळा झापलं होतं. बायको अशी पडलेली, त्यात आणखी बोलणी नकोत, म्हणून तो खोटं बोलला. मी त्यालाही काही म्हणत नाही. धापूनं ते पाणी गाळलं, त्यांच्याच चुलीवर उकळलं, धनुबाईला घोट घोट पाजलं. आणि जिवाणीचा लोटा तळहातानं झाकून, अख्खं गाव ओलांडून आमच्या मोठ्या विहिरीवर आली. मी तिथं भांडी घासत होते. पोटात काही नाही म्हणून तिला धाप लागली होती, पण लोटा तसाच हळूहळू खाली गेला. मी नेहमीसारखं चिडवलं. ती नेहमीसारखं हसली.

धनुबाई वाचली नाही. आणि मग आमच्या गल्लीत लोक पडायला लागले.

पारस आला तो एकटाच, हातात लाल दवेचा डबा घेऊन. डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता की एकही विहीर सोडायची नाही, सगळ्यांत दवा पडली पाहिजे. त्यानं आसपासच्या गावांतल्या विहिरी केल्या होत्या, आमच्या शिवारातल्याही केल्या. ते मला त्याच्या तोंडूनच कळलं. पाणी लाल करताना तो तोंडानं नवकार मंत्र म्हणायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही. डोळे खोल गेले होते पोराचे.

"मासा वर येतस, मावशी," तो मला म्हणाला. "पोट वर करीसन."

"आनि मानसं खाले जातस, ते?" मी म्हटलं.

मोठ्या विहिरीवर यायच्या आधी तो घरी जाऊन आईच्या पाया पडला. बोलता बोलता धापूनं त्याला धनुबाईची हकिगत सांगितली, मायेनं, डोळ्यांत पाणी आणून. लोटा कुठं सोडला तेही सांगितलं. मी दारातच उभी होते. तो तडक भिलाकडं गेला, आणि परत आला तो माझ्या ओट्यावर मट्कन बसला. औषधपाण्याचं बोलायचं असलं की त्याची भाषा बदलायची, दवाखान्याची व्हायची. तसं तो बोलला.

"मावशी, ते पाणी झिऱ्याचं होतं. रोग त्या पाण्यात होता. बाईनं तो स्वतःच्या हातानं विहिरीत सोडला." मग एकदम माझे पाय धरले. "तिला सांगू नका. ती जगायची नाही."

मी तोंड शिवून घेतलं. मला काय कळत नव्हतं? मुंगी वाचवायला वाकणारी बाई ती.

तो डबा घेऊन विहिरीवर गेला तर धापू काठावर येऊन बसलेली. डबा बघूनच तिनं ओळखलं होतं.

"बाई, ऊठ. सरकारी काम शे."

"टाक रे. पन आधी मले टाक."

"बाई, लोके मरी ऱ्हायनात."

"तुन्हाच हातघाई आठे जिवाणी सोडेल शे. ईसरी गया का?"

आणि तिथंच पोराचा हात थांबला. आई आडवी आली म्हणून दवा टाकली नाही, असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मी बघत होते ना! डब्याचं झाकण त्यानं उघडलं होतं, आई काही त्याच्या मनगटाला धरून नव्हती. तो खाली पाण्याकडं बघत राहिला, आणि हळूच झाकण लावलं.

गावानं तरी काही करावं की नाही? पाटील म्हणाला, उपासाच्या बाईला हात लावायचं पाप मी घेणार नाही. अर्ध्या गावाला तर बरंच झालं. सरकार विहिरीत विष टाकतंय अशी आवई उठलीच होती, तिला धापूचा आडोसा मिळाला. मी एकटी ओरडत होते. माझी दगू घरात होती. कानबाईच्या सणाला माहेरी आलेली माझी लेक, लग्नाला वर्ष झालेलं, पुरामुळं नाव बंद म्हणून सासरी परत जाता आलं नव्हतं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. ह्या विहिरीचं पाणी दगूच्या पोटात जाऊ नये, बस्स.

पारसनं मग दुसरी वाट काढली. बाई जशी पाणी उकळते तसं सगळ्या गावानं उकळायचं, म्हणजे दवाही नको आणि रोगही नको. दारोदार फिरला बिचारा. हात जोडून सांगत होता. त्याला खरंच वाटलं की आई आणि नोकरी दोन्ही सांभाळता येतील. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, पावसानं कापसाच्या पऱ्हाट्या भिजल्यात, शेणी भिजल्यात, भाकरीपुरता जाळ होत नाही. पाणी कशावर उकळू, माझ्या हाडांवर?

एक-दोन दिवस, मावशी, तो म्हणाला, तोवर मी बाईला समजावतो.

मी माझ्या घरात उकळलं. धुरानं डोळे गेले, पण उकळलं. बाकीच्या घरांत कुणी उकळलं, कुणी नुसतंच कोमट केलं, कुणी ते उद्यावर टाकलं. धापू विहिरीच्या काठावर माळ जपत बसलेली आणि तिच्या शेजारून बायका पाणी भरून नेत होत्या. पारस आजाऱ्यांच्या घरून फिरून आला की तिच्यासमोर उभा राहायचा, आणि पुन्हा निघून जायचा. तिच्या लोट्याबद्दलच्या त्या एका शब्दानं ती उठली असती. तो शब्द सोडून बाकी सगळं तो बोलला.

दगूला उकळलेलं पाणी आवडेना. "राखना वास येस, माय," म्हणून तिनं तोंड वाकडं केलं. मी रागावले. कच्चं पाणी प्यालीस तर बघ, म्हणून दम भरला. बरं म्हणाली. मग मैत्रिणींबरोबर धुणं घेऊन विहिरीवर गेली आणि ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायली. तिचं तिनंच मला सांगितलं, दुपारी उलट्या सुरू झाल्यावर. वर मलाच म्हणते, "माय, रागे भरू नको ना."

कपाळ माझं! कसली रागावते मी.

पारसला बोलावलं. त्यानं तिचं सगळं केलं. मिठाचं पाणी पाजलं, ओकारी स्वतःच्या हातानं काढली, हातपाय चोळले. सख्खा भाऊ काय करील असं केलं, हे मला नाकारता येणार नाही. पण सकाळपर्यंत तिचे डोळे आत गेले, आवाज बसला, पायांत गोळे यायला लागले. दवेची बाटली आणतो म्हणून तो गेला तो येईना, म्हणून मी तशीच विहिरीकडं धावले. तो आईसमोर उभा होता, हातात तो डबा.

"धापू," मी म्हटलं, "दगूले गोळा ई ऱ्हायनात. मन्ही पोर जाई ऱ्हायनी. उठी जाय व. दुसरानी तरी वाचू दे."

"दगू? आपली दगू?" धापू म्हणाली. दगूच्या बाळंतविड्याच्या गोधडीसाठी तुकडे जमवत होती ती. माळ तिच्या हातातून पडली. पण उठली नाही. दगूसाठी मी आजपासून आणखी तीन उपास करते, माझं सगळं पुण्य तिला लागो, असं काहीतरी म्हणायला लागली. लाखो जीवांचा घात करून एक जीव कसा मिळेल, असंही म्हणाली. आणि हे ती रडत रडत म्हणत होती. तिला कळत नव्हतं असं नाही. तिच्या देवानं तिला जे सांगितलं होतं ते ती करत होती. मी तिथं छाती पिटत उभी, ती तिथं हात जोडून बसलेली. दोघींचं काही चालेना.

तेव्हा पारस बोलला. आईशी तो कधी बोलत नसे त्या भाषेत, दवाखान्याच्या भाषेत बोलला. समोर कुणी परकी म्हातारी असावी तसा.

"बाई, धनुबाईच्या घरचं पाणी ह्या विहिरीचं नव्हतं. झिऱ्याचं होतं. भिला खोटं बोलला. पटकी त्या पाण्यात होती. तू ती जिवाणी इथं सोडलीस, तेव्हापासून गावात रोग आहे."

धापूनं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"मन्हा लोटामां?" ती म्हणाली. "मन्हा लोटामां व्हती?"

मग ती उठली. कुणी धरलं नाही, कुणी ओढलं नाही. पदर सारखा केला, माळ उचलली आणि घराकडं चालायला लागली. पारसनं डबा उघडला, बादलीत दवा कालवली आणि विहिरीत ओतली. नवकार म्हटला की नाही कोण जाणे, ओठ हलताना दिसले नाहीत. पाणी जांभळट लाल झालं. मी माझ्या लेकीकडं पळाले.

दिवेलागणीच्या आत दगू गेली. पावसाची जरा उघडीप होती तेवढ्यात पुरुषांनी तिला तापीवर नेली.

विहीर लाल झाल्यावर नवं कुणी पडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. डॉक्टरसाहेबांचा हुकूम बरोबर होता. पारसनं केलं तेही बरोबरच. पण उशिरा केलं, आणि त्याचा मला इतका राग होता की तो दारात आला तेव्हा मी दार लावून घेणार होते.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"मावशी, बाई पानी पेत नही."

आधीच उपासानं खंगलेली, आता पाणीही बंद. मी म्हटलं, प्रायश्चित्त घेतेय का? तर तसंही काही बोलत नाही म्हणाला. नुसतं विचारते, गाळलेलं सोडू कुठं? गावातल्या आणि शिवारातल्या सगळ्या विहिरी लाल, त्यानंच केलेल्या. लाल पाण्यात जिवाणी सोडायची म्हणजे मारायलाच सोडायची. तो तिला म्हणाला होता, आता गाळायची गरजच नाही, ह्या पाण्यात जीव उरलेलेच नाहीत. तर म्हणे, "मंग ते पानी नही, मसन शे." नदीवरून आणतो म्हणाला, तर त्याच्या हातचं नको. ज्या हातानं विहीर मारली त्या हातचं पाणी तिच्या घशाखाली उतरणार नाही. तिचे महाराजसाहेब, जैनांचे साधू, पलीकडं नंदुरबारला चातुर्मासाला होते. त्यांनी सांगितलं तर ती ऐकेल, पण मध्ये तापी अशी दुथडी.

"तुम्हनं आयकी ती," पारस म्हणाला. "तुम्हीच पाजा."

बघा म्हणजे! गावभर पाणी पाजत फिरणारा हा, आणि स्वतःच्या आईला पाणी पाजायला मला बोलवायला आला. माझ्या दारी, माझ्या सुतकात. असा संताप आला मला. आणि तरी उठले. नाही उठले तर काय करणार होते? घरात बसून दगूची चोळी बघत बसणार होते?

नदीवर मात्र माझ्यानं जाववेना. तिथं दगूची राख होती, पावसात भिजत पडलेली. मी पागोळीखाली तांब्या धरला, भरलेलं पाणी धापूच्याच फडक्यानं तिच्या लोट्यात गाळलं, उकळून थंड केलं. फडक्यातलं अंगणात झटकलं. कोण बघतंय?

धापू चटईवर पडली होती. एवढीशी झाली होती. मला बघून तिनं माझा हात धरला आणि दगू दगू करत रडायला लागली. डोळ्यांत पाणी येत नव्हतं, नुसता आवाज.

"पी व धापू. मी आनेल शे. पारसनं नही."

"कोठलं शे?"

"तापीनं."

"जिवाणी कोठे सोडी?"

"तापीमां," मी म्हटलं. लोटा तिच्या ओठांजवळ नेला. तिनं तोंड उघडलंही होतं. मग तिची नजर खाली गेली. नदीची वाट म्हणजे गुडघाभर काळा चिखल, सगळ्या गावाला माहीत.

"वत्सला," ती म्हणाली, "तुन्हा पायले चिखल नही व."

रागावली नाही. हसली होती, पूर्वी हसायची तशी. तोंड मात्र मिटलं.

एकदा भिला खोटं बोलला, आणि आता मी. मी लोटा तिथंच रिकामा केला आणि निघाले. कडीचा लोटा, फडकं आणि तांब्या घेऊन. चिखलात पडत-झडत तापीवर गेले. दगूची जागा दिसली. तिकडं बघायचं नाही म्हटलं तरी दिसलीच. तिथून पुढं झाले, पाण्यात उतरले. गढूळ पाणी गाळलं, पुन्हा गाळलं. फडकं उलटं धरून धुतलं, आणि लोटा पाण्याला टेकवून हळूच कलंडला, कुणाला लागणार नाही असा. दिसलं मला काहीच नाही. पण जपून सोडलं.

गुडघ्यापर्यंत माखलेली मी परत आले तर पारस दारात भिंतीला डोकं टेकून उभा होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं, आणि मला कळलं.

आत गेले. तिचे डोळे कुणी अजून मिटले नव्हते. मी भरलेला तांब्या उशाशी ठेवला, लुगडं वर खोचलं आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"देख व धापू," मी म्हटलं, "चिखल शे पायले."